फेलिसाबाईंचा आवाज, दुपारी दोन ते तीन

२ फेब्रुवारी २०१४, रविवार. बाड हॉम्बुर्ग, जर्मनी.

आजपासून रोजनिशी. खरं तर १ जानेवारीपासूनच होती, पण जानेवारीत मनासारखी वही मिळाली नाही. मिळाली होती, रेघा फिकट होत्या.

संकल्प तीन. एक: थोर स्पॅनिश चरित्र अभिनेत्री फेलिसा बारिएंतोस यांच्यावर मराठीत ग्रंथ. पानं ३००. दिवाळीपूर्वी. दोन: गणपतीत मंडळात त्यांच्यावर पाऊण तासाचं व्याख्यान. राजाभाऊंच्या कानावर घातलंय. अध्यक्ष असले तरी ऐकून घेतात. तीन: भिंतीपलीकडच्या फ्राउ वुर्स्टरचा, म्हणजे वुर्स्टरबाईंचा, बंदोबस्त.

तिसरा आधी. तो झाल्याशिवाय पहिले दोन होणं शक्य नाही.

कंपनीत जानेवारीपासून अर्धा दिवस काम. कुणी म्हणेल बाजूला काढलं. काढलं नाही. आमच्या व्हॉल्व्ह डिझाइनच्या टीमची फेररचना झाली आणि मला ग्रंथासाठी वेळ हवा होता, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडलं, इतकंच. बायकोला, ऊर्मिलेला, मात्र बजावून ठेवलंय की बिल्डिंगमध्ये चकार शब्द काढायचा नाही. विचारलं तर मी संध्याकाळीच येतो. लोकांना नाही ते अर्थ काढायची घाण सवय असते.

९ फेब्रुवारी, रविवार.

फेलिसाबाईंची कारकीर्द एक्सेलमध्ये घातली. १९५५ ते २००९. चित्रपट ९४. मोलकरणी ३१, घरमालकिणी १४, विधवा ११, नन ९. उरलेल्यांत मावश्या, सुइणी आणि चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणाऱ्या. नायिका: शून्य. मी आजवर पाहिलेले ३८. त्यात बाई पडद्यावर एकूण १७१ मिनिटं. म्हणजे सरासरी साडेचार मिनिटं प्रति चित्रपट.

पण काय साडेचार मिनिटं! दारातून आत येतात, हातात कायम काहीतरी असतं. ट्रे, बादली, एकदा तर जिवंत कोंबडी. आणि बोलतात. बस. पुढे दीड तास नायक-नायिका जे काही करत बसतात ते बघून ओकारी येते.

आवाज हाच बाईंचा प्राण. तापल्या दुधावरच्या सायीसारखा जाड, मऊ. फ्लोमार्क्टच्या जुन्या बाजारात मला त्यांच्या डीव्हीडींचं अख्खं खोकं मिळालं, सगळं जर्मनमध्ये. स्पॅनिश असून बाईंचं जर्मन किती स्वच्छ! मला इथे एकवीस वर्षं राहून जमलं नाही ते बाईंनी निव्वळ कामावरच्या निष्ठेनं साधलं. ग्रंथात यावर स्वतंत्र प्रकरण.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

घरी आलो तर आन्सरिंग मशीनवर फ्राउ वुर्स्टर. आम्हा मोघ्यांची पिवळी पिशवी, म्हणजे प्लास्टिकच्या कचऱ्याची, पुन्हा एक दिवस आधी बाहेर. त्यात न धुतलेला दह्याचा डबा. बाई सत्तरीच्या पुढच्या, पण कचऱ्यात डोकं घालायला कंबर बरी वाकते. आणि तो आवाज! पत्र्यावर खिळा ओढावा तसा. पूर्ण ऐकवलं नाही. किळस आली.

मन निवळावं म्हणून चित्रपट क्रमांक ४१ लावला. त्यात फेलिसाबाई बिल्डिंगच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या. जिन्यात बादली घेऊन उभ्या, आणि कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवणाऱ्या भाडेकरूला असं काही झापतात की मी दोनदा रिवाइंड केलं. काय ती सहजता. असा अभिनय रोजच्या आयुष्यातून उचलावा लागतो. आसपास अशी माणसं असायला भाग्य लागतं.

५ मार्च, बुधवार.

हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या ऑफिसला, फोन केला. दुपारी एक ते तीन रूहेत्साइट असते, म्हणजे सक्तीची शांतता, तरी ही बाई रोज दोन ते तीन भिंतीपलीकडे मोठमोठ्याने बोलते. एकटीच. कधी रडते, कधी भांडते, कधी खो खो हसते. दुसऱ्यांना पिवळ्या पिशवीचे नियम शिकवणार आणि स्वतः रूहेत्साइट पायदळी तुडवणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तिकडचा माणूस म्हणाला, हे बघा, तोंडी तक्रार चालत नाही. लेर्मप्रोटोकोल ठेवा. म्हणजे आवाजाची नोंदवही. तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार, किती वेळ.

या देशाबद्दल माझी बरीच मतं आहेत, पण हे मला आवडलं. आता दोन वह्या. एक त्यांच्यासाठी जर्मनमध्ये, आणि ही आहेच.

१३ मार्च, गुरुवार.

प्रोटोकोल जोरात. भिंतीला स्टीलचा पेला लावला की शब्दन् शब्द कळतो. आजची नोंद: १४.०३, धातूची बादली जमिनीवर आपटली. १४.०४ ते १४.१०, रागाने बोलणं, विषय कचरा. १४.२५, ट्रे किंवा ताट ठेवल्याचा आवाज. १४.२६ ते १४.४०, हुंदके, कुणा पोराला निरोप देते आहे. वाक्यंही उतरवून घेतली, पुरावा कच्चा राहायला नको.

म्हणजे रूहेत्साइटमध्ये धुणीभांडी आणि वर तमाशा.

ऊर्मिला म्हणाली, अहो, भिंतीला पेला लावून बसलेला माणूस बाहेरून कसा दिसतो ते एकदा आरशात बघा. बघितलं. एकाग्र दिसतो.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी.

आज विलक्षण अनुभव. चित्रपट क्रमांक ४१ पुन्हा लावला होता. जिन्यातला प्रसंग ऐन रंगात असताना फोन वाजला म्हणून टीव्ही बंद केला. फेलिसाबाईंचं वाक्य मात्र पुढे चालूच राहिलं! तोच आवाज, तीच ओळ, अगदी शेवटच्या शिवीपर्यंत. अंगावर काटा आला. खऱ्या कलावंताचा आवाज कानात घुमत राहतो म्हणतात, तो असा. ग्रंथाच्या प्रस्तावनेत घ्यावं.

दुपारी ३. संशय आला. फ्राउ वुर्स्टरने तोच चित्रपट मोठ्याने लावला असणार. प्रोटोकोलमध्ये नोंदवलं: कर्णकर्कश टीव्ही. ऊर्मिला म्हणते त्यांच्याकडे टीव्हीच नाही. मग रेडिओ असेल.

३१ मार्च, सोमवार. गुढीपाडवा.

ग्रंथाचा मुहूर्त. अर्पणपत्रिका लिहिली: ‘एका आवाजास.’ तीन शब्द लिहायचे होते, दोनच पुरले. पानं आता २०० करावीत. ग्रंथ जाड असला की लोक वाचत नाहीत.

ईश्वरी श्रीखंड खाताना म्हणाली, पापा, दास इस्ट डॉख सिंक्रोनिझीर्ट. सोळा वर्षांची मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. म्हणे इथे सगळे परदेशी सिनेमे डब केलेले असतात, बोलणारी दुसरीच कुणी असते. मी शांतपणे समजावलं की ते सामान्य नटांचं. थोर कलावंत स्वतःचं डबिंग स्वतः करतात. पुरावा: स्टॉपवॉच लावून बारा प्रसंग तपासले, ओठ आणि आवाज यांत फरक शून्य. परका माणूस दुसऱ्याच्या श्वासावर इतकं बोलूच शकत नाही. मी इंजिनियर आहे, अंदाजपंचे बोलत नाही. तिने खांदे उडवले आणि वाटी चाटली. या पिढीला ना संस्कार ना टेबल मॅनर्स.

१४ एप्रिल, सोमवार.

लेर्मप्रोटोकोल सुपूर्द. बावीस नोंदी, आठ पानं, टाइप करून, पान क्रमांकासह. तो माणूस म्हणाला, पंधरा वर्षांत इतका सविस्तर प्रोटोकोल पाहिला नाही. कंपनीतल्या कुणी माझ्या रिपोर्टला असं म्हटलं असतं तर. असो.

७ मे, बुधवार.

फ्राउ वुर्स्टरला पत्र गेलं. ताकीद, लेखी.

यावरून घरात विनाकारण रामायण. ऊर्मिला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली आणि बोलली. तिला मधून मधून शिरा नेऊन द्यायची सवय आहे तिकडे, त्यामुळे सगळी बातमी असते. म्हणे गेल्या शरदात फ्राउ वुर्स्टरना स्ट्रोक येऊन गेला. जीभ जड झाली होती. डॉक्टरने सांगितलं, रोज तासभर मोठ्याने बोला, नाहीतर आवाज जाईल. त्यांनी हिला मुद्दाम विचारलं होतं की दुपारी शेजारी कुणी असतं का. आणि ही म्हणाली, कुणी नाही, हे संध्याकाळीच येतात. कारण मीच तसं सांगायला सांगितलं होतं.

म्हणजे खापर माझ्यावर. वा.

वर म्हणते, अहो, बाई फिल्मलाइनमध्ये होत्या, जुने पाठ म्हणून दाखवतात, एकदा ऐका तरी. मी म्हटलं, प्रत्येक म्हातारी तरुणपणी फिल्मलाइनमध्ये असते. तिकिटं फाडत असेल.

तरी आजारी माणसाबद्दल मला वाईट वाटतंच. पण नियम म्हणजे नियम. हे मला त्यांनीच शिकवलं, दह्याच्या डब्यावरून.

१९ मे, सोमवार.

दोन ते तीन: पूर्ण शांतता. विजय! ग्रंथाला बसलो.

एक ओळ लिहिली. खोडली. शांततेची सवय नाही, दोन दिवस जातील.

२ जुलै, बुधवार.

काल फ्राउ वुर्स्टरचं सामान गेलं. पुतण्या आला होता, कार्ल्सरूहेहून. तिकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली म्हणे. बाई जिन्यात भेटल्या. मी गुटन टाग म्हटलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं, मान हलवली आणि हळूच खाली उतरल्या. हातात झिंकची जुनी बादली, सामानवाल्याला दिली नाही, स्वतः नेली. म्हातारपणी माणसं कशाला चिकटतील सांगता येत नाही.

ऊर्मिला जेवली नाही. तिला पित्त झालंय.

१३ जुलै, रविवार.

आज फायनल. सगळा देश वेडा झालाय, भोंगे काय, झेंडे काय. या गोंगाटात ग्रंथ कसा होणार? फुटबॉल संपला की वेग घेतो. पानं १२०.

गंमत म्हणजे फेलिसाबाईंचे चित्रपट हल्ली सपक वाटतात. डीव्हीडी झिजल्या असाव्यात.

३० ऑगस्ट, शनिवार. गणपती.

व्याख्यान झालं. जूनमध्ये पाऊण तास होता. जुलैत राजाभाऊ म्हणाले वीस मिनिटं. परवा म्हणाले, मोघे, लहान मुलांचे नाच लांबतात, दहा मिनिटांत बसवा. आज स्टेजवर गेलो तेव्हा कानात म्हणाले, महाप्रसाद तयार आहे, दोन शब्द बोला.

मी दोन शब्द बोललो. अर्पणपत्रिकाच म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मसालेभाताच्या रांगेत उभे राहिले. या लोकांच्यात राहून मी स्पॅनिश अभिनयावर बोलणार! वाढपी एकजण म्हणाला, छान झालं, हल्ली स्पेनला असता का? शिसारी आली. मसालेभात मात्र दोनदा घेतला, उपाशीपोटी चीड नीट येत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार.

फ्रँकफर्टच्या एका छोट्या थिएटरात स्पॅनिश सिनेमाचा आठवडा आहे. १० ऑक्टोबरला स्वतः फेलिसा बारिएंतोस येणार! वय एक्क्याऐंशी. म्हणजे नियतीच ग्रंथाच्या पाठीशी आहे. प्रश्न अकरा काढलेत. पहिला: एवढं सुंदर जर्मन कुठे शिकलात? या प्रश्नाने त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल असा अंदाज आहे. माझ्या तरी आलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. फ्रँकफर्टहून परतताना, एस-बान लोकलमध्ये.

आधी चित्रपट दाखवला, क्रमांक ४१. मूळ स्पॅनिशमध्ये, खाली जर्मन अक्षरं. बाई जिन्यात बादली घेऊन आल्या, तोंड उघडलं आणि कुणी भलतीच बोलायला लागली. घोगरा, चिरका, घशात सुपारी अडकल्यासारखा आवाज. वाटलं मशीन बिघडलं. मागे वळून बघितलं. कुणालाच काही वाटत नव्हतं.

मग त्या स्वतः आल्या. लहानखुऱ्या, काठी घेऊन. तोच घोगरा आवाज. शेजारी दुभाषी. बोलल्या छान. चौऱ्याण्णव चित्रपट केले आणि पोस्टरवर नाव एकदाही आलं नाही, म्हणाल्या. हातात कायम वस्तू का, तर रिकाम्या हातांच्या बाईचा प्रसंग एडिटर आधी कापतो. बादली भरलेली असेल तर तो घाबरतो.

मी हात वर केला. पहिला प्रश्न विचारला. दुभाष्याने पुन्हा विचारायला लावला, मी पुन्हा विचारला. थिएटर हसलं. एकशेचाळीस माणसं. पुढच्या रांगेतला एक तर डोळे पुसत होता.

फेलिसाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मला जर्मनचा एक शब्द येत नाही. तो आवाज दुसऱ्या एका बाईचा आहे. म्युनिकच्या स्टुडिओत तीस वर्षं तिने माझी सगळी कामं बोलली. एकदा तिचं पत्र आलं. विचारलं होतं की जिन्यातल्या प्रसंगात तुमची बादली रिकामी होती की भरलेली? वजनाने श्वास बदलतो, मला तेवढीच उचलून बोलायचं आहे. मी लिहिलं, अर्धी. माझ्याकडे इतक्या बारकाईने साऱ्या आयुष्यात फक्त तिने बघितलं. आमची भेट कधी झाली नाही. आज होईल म्हणून आले होते.

मग कार्यक्रमवाली बाई माइकवर म्हणाली, आनेलीझे वुर्स्टर यांना आम्ही बाड हॉम्बुर्गच्या पत्त्यावर निमंत्रण पाठवलं होतं, दुर्दैवाने परत आलं. घर सोडून गेल्या असा शेरा होता.

वुर्स्टर हे आडनाव इकडे फार कॉमन आहे. आपल्याकडे कुलकर्णी असतात तसं. बाड हॉम्बुर्गमध्येच किती असतील.

फोन डिरेक्टरी बघितली. एकच.

११ ऑक्टोबर, शनिवार.

लेर्मप्रोटोकोलची माझी प्रत काढली. बावीस नोंदींतली वाक्यं आणि एक्सेलमधले चित्रपट शेजारी ठेवले. कचऱ्यावरून राग: चित्रपट ४१. पोराला निरोप: १७. खो खो हसणं: २९, कोंबडीवाला. बावीसपैकी बावीस जुळल्या. बादल्यासुद्धा.

ग्रंथाचं आजवर झालेलं लेखन: अर्पणपत्रिका, दोन शब्द. आणि ही आठ पानं, जी मी तिला बाहेर काढायला लिहिली.

ऊर्मिलेला सांगितलं. ती म्हणाली, मी मे महिन्यात सांगितलं होतं. एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, काही मुद्दे मी काढून ठेवले होते. स्वतःचीच किळस येणं म्हणजे काय ते आज कळलं. यात कुणाकडे बोट दाखवायची सोय नसते.

आन्सरिंग मशीनवरचा तो निरोप अजून होता. पिवळ्या पिशवीचा. पूर्ण ऐकला. मग पुन्हा. चौथ्यांदा लावला तेव्हा ईश्वरी आली आणि शेजारी बसली. शेवटी मराठीत म्हणाली, बाबा, डबा धुवायला हवा होता.

८ नोव्हेंबर, शनिवार. कार्ल्सरूहे.

ऊर्मिलेने फोन करून विचारलं होतं. फ्राउ वुर्स्टर म्हणाल्या, तुम्ही जरूर या, हेर मोघे नकोत. तरी मी आलो. डबे उचलायला कुणीतरी लागतंच. शिरा आणि चकल्या. फेलिसाबाईंचा माद्रिदचा पत्ता थिएटरकडून मिळवला होता, तोही हिच्याकडे दिला.

ही आत गेली. मी वृद्धाश्रमाच्या बागेत बाकावर, अकरा प्रश्न खिशात. दोन वाजता पहिल्या मजल्यावरची खिडकी सताड उघडली. नोव्हेंबरात! ही माणसं थंडीतसुद्धा खोलीला हवा दिल्याशिवाय राहत नाहीत. आज पहिल्यांदा त्या खुळाचे आभार मानले, कारण आतून बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मग ती बोलायला लागली. चित्रपट १७, पोराला निरोप. जीभ एखाद्या शब्दावर अडखळते, पण साय तीच. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. स्वच्छ कोट, मांडीवर वही. म्हणाले, रोजचं आहे हे, ऐन रूहेत्साइटमध्ये, किळसवाणं. वही दाखवली. तारीख, वेळ, प्रकार. अक्षर सुंदर. म्हणाले, साक्षीदार म्हणून इथे सही करता का?

मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं.

तर ते मोठ्याने सांगायला लागले. मी म्हटलं, हळू. ते आणखी मोठ्याने म्हणाले, काय? मी ओरडलो, हळू बोला, रूहेत्साइट आहे!

वरचा आवाज थांबला. खिडकीत फ्राउ वुर्स्टर आल्या, हातात झिंकची बादली. म्हणाल्या, हेर मोघे, तुम्ही? आणि इथेसुद्धा? मग त्यांनी झापलं. दुपारच्या वेळी सभ्य माणसं कशी वागतात, लोकांना त्रास देणाऱ्यांना लाज कशी नसते, सगळं. जिना नव्हता, बाकी चित्रपट ४१ जसाच्या तसा, श्वासासकट. मी उभा राहून ऐकलं. प्रश्न खिशातच राहिले.

मग खिडकी लावून घेतली. आतलं काही ऐकू येईना. बाकावर पेला लावायला भिंत नव्हती.

फोनवर एक्सेल उघडून नोंद केली. क्रमांक ९५. भूमिका: शेजारीण. हातात: बादली. आवाज: आनेलीझे वुर्स्टर. मिनिटं: अर्धं.

ऊर्मिला चार वाजता बाहेर आली. म्हणाली, फार गप्पा झाल्या, त्या माद्रिदला पत्र लिहिणार आहेत. माझ्याबद्दल काही म्हणाल्या का, विचारलं. म्हणाली, हो, पिवळी पिशवी हल्ली कोणत्या दिवशी ठेवता, असं विचारत होत्या.